पळणाऱ्यांचा कोपरा: साठीनंतरचं रनिंग, गोव्यातले रस्ते आणि तुमचे प्रश्न

यावेळी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज मिळून बरेच प्रश्न आलेत आणि त्यातल्या निम्म्या लोकांना एकच विचारायचंय, कुठली रेस करू. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की मी ६६ वर्षांचा, फोंड्यात राहतो, ५१ व्या वर्षी पळायला लागलो आणि डॉक्टर किंवा कोच नाही. रेस वर्षातून एकदा नाहीतर दोनदा येते, घराजवळचा रस्ता मात्र रोज असतो, आणि आपल्या वयात सगळं त्या रोजच्या रस्त्यावर ठरतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून उत्तरंही जास्त करून रस्त्याबद्दलच आहेत.

प्रश्न: वय ६२, बँकेतून रिटायर झालो. रोज चार किलोमीटर चालतो. आता थोडं पळावं वाटतं पण घरचे म्हणतात गुडघे कामातून जातील. चालणंच बरं का? (एक वाचक, फोंडा)

भाई, हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारलाय त्याचा हिशोब नाही, आणि माझ्या घरातही तो झालाच होता. २०१७ साली बऱ्याच जुन्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक मोठा आढावा निघाला, त्यात असं दिसलं की हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज साडेतीन टक्के लोकांना होती, अजिबात न पळणाऱ्या बैठ्या लोकांत दहा टक्क्यांच्या वर, आणि स्पर्धेसाठी जीव तोडून पळणाऱ्या अव्वल धावपटूंत तेरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बेतानं पळणाऱ्याचं बरं चाललंय. आता यात एक गोष्ट आहे, ज्याचे गुडघे आधीच दुखतात तो पळायच्या वाटेला जातच नाही, त्यामुळे सगळं श्रेय पळण्याला देता येणार नाही, पण बेतानं पळून गुडघे जातात असं तरी त्या आकड्यांत दिसत नाही. तुमचा गुडघा आत्ताच सुजत असेल, जिना उतरताना अडकत असेल, तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, माझं ऐकून बाहेर पडू नका.

सुरुवात अशी करा. नेहमीच्या चालण्यातच एक मिनिट हळू पळायचं, तीन मिनिटं चालायचं, असं सहा-सात वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मधल्या दिवशी नुसतं चालणं. पळताना बाजूच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांनंतर दम लागला तर वेग जास्त झाला समजा. महिन्याभरात तुम्हाला वाटेल की आता आपण न थांबता पळू शकतो, आणि तिथेच बहुतेकांचा घात होतो, कारण हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात पण टाचेची शीर, घोट्याचे आणि गुडघ्याचे स्नायुबंध यांना महिने लागतात. दम टिकतोय म्हणून पाय पण टिकतील असं नसतं. मी स्वतः पहिल्या वर्षी हीच चूक केली, तिसऱ्या महिन्यात एकदम आठ किलोमीटर पळालो, आणि त्यानंतर जवळजवळ चार महिने सकाळी पलंगावरून उतरताना टाच टेकवत नव्हती.

याच्या जोडीला घरी दोन व्यायाम कराच. हात न लावता खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा, आणि पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाचा वर-खाली पंधरा वेळा. वयानुसार मांड्यांचे स्नायू कमी होत जातात आणि मग सगळा भार सांध्यावर येतो.

रस्त्याचं म्हणाल तर फोंड्यात सपाट जागा शोधावी लागते. फर्मागुडीचा चढ पहिले सहा महिने नको. आणि तुम्ही चढाला घाबराल, पण गुडघ्याला खरा त्रास उताराचा होतो, उतरताना प्रत्येक पावलाला शरीर ब्रेक मारत असतं. त्यापेक्षा बांदोडे, रामनाथी, नागेशी, कवळे हे आतले रस्ते घ्या. दोन्ही बाजूला कुळागरं म्हणजे बागायती, सुपारीची सावली, सकाळी साडेसहाला देवळातली घंटा ऐकू येते आणि गाड्या कमी. नागेशीच्या तळीकडे थांबून पाच मिनिटं बसायचं आणि परत. मी पंधरा वर्षं तिथे पळतोय, अजून कंटाळा आलेला नाही.

प्रश्न: मी ५७ वर्षांची. सकाळी एकटीच पळते, पण कुत्रे मागे लागतात आणि लोक बघत राहतात त्यामुळे संकोच वाटतो. काय करू? (म्हापसा)

ताई, आधी कुत्र्यांचं. कुत्रा भुंकत आला की पळायचं थांबवायचं, अगदी उभं राहायचं. पळणाऱ्या पायांमागे धावणं हा त्याचा स्वभाव आहे, उभ्या माणसात त्याला तेवढा रस नसतो. डोळ्यात डोळे घालू नका, पाठ पण फिरवू नका, हळूहळू मागे सरत त्याच्या हद्दीतून बाहेर या. रोज तोच रस्ता, तीच वेळ ठेवली की महिन्याभरात ते कुत्रे ओळखायला लागतात, हा माझा अनुभव आहे. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून पंधरा, आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनचा कोर्स सुरू करायचा. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, कुत्र्यांच्या लसीकरणाचं काम आपल्याकडे खरंच चांगलं झालंय, पण म्हणून इंजेक्शन टाळायचं नाही. ओळखीच्या घरचा कुत्रा असला तरी नाही.

लोकांच्या बघण्याबद्दल मी पुरुष असून काय सांगणार, पण आमच्या ग्रुपमधल्या बायकांना विचारलं तर त्या म्हणाल्या पहिले दोन महिने त्रास होतो, मग त्याच बघणाऱ्या बायका फाटकात थांबवून विचारतात की आम्ही येऊ का. सलवार-कुर्ता, ट्रॅक पँट, जे अंगावर सहज वाटतं ते घाला. एक दोन दिवस पेडेच्या क्रीडा संकुलाकडे जाऊन बघा, चालणाऱ्या बायका तिथे भेटतील, त्यातल्या एखादीला सोबत घ्या. आणि हे सोडू नका, कारण पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ व्हायला लागतात आणि ज्या व्यायामात स्वतःचं वजन पायावर येतं तो हाडांना धरून ठेवतो.

मला तुमच्या बाबतीत खरी काळजी गाड्यांची आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवायलाच सात वाजतात, म्हणजे सहाला निघालात तर काळोख. रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळा, चमकणारं जॅकेट घाला आणि कानात इअरफोन नको. फौजा सिंग, जे वयाच्या ८९ व्या वर्षी पहिली लंडन मॅरेथॉन पळाले आणि शंभरीत २०११ साली टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली, त्यांना म्हातारपणाने नाही नेलं, जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळ स्वतःच्या गावच्या रस्त्यावर गाडीने उडवलं. ती बातमी वाचली तेव्हा मी दोन दिवस पळायला गेलो नाही.

प्रश्न: सत्तरी तालुक्याच्या जंगलात ट्रेल रनिंग, म्हणजे कच्च्या वाटांवरून पळणं, करायचंय, आम्ही तिघे मित्र ५५ ते ६० मधले. कुठून सुरुवात करावी, पावसात गेलो तर चालेल? (वाळपई)

तुम्ही नशीबवान, तुमच्या दारात म्हादईचं अभयारण्य आहे. पण अभयारण्य म्हणजे मोकळं रान नव्हे, आत जायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती काढूनच जा, वाट दाखवायला गावचा माणूस बरोबर घ्या. गवे पहाटे आणि संध्याकाळीच बाहेर असतात, आणि धुक्यात वळणावर गवा समोर आला तर तुम्ही आणि तो दोघेही घाबरणार. त्यापेक्षा पहिले काही महिने गावांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा, बागायतीतले रस्ते, केरीकडून अंजुणे धरणाच्या बाजूचा परिसर बघा. चोर्ला घाटाच्या मुख्य रस्त्यावर मात्र पळू नका, तिथे ट्रक आणि बेळगावच्या गाड्या फार.

पावसाचं सांगतो. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं पठार, जुलैत दिसायला स्वर्ग, सगळीकडे बारीक फुलं, पण त्या दगडावर जे काळं-हिरवं शेवाळ धरतं त्यावर भारी ट्रेल शूज पण घसरतात. आपल्या वयात एक पडणं म्हणजे मनगट किंवा खुबा. पावसात सड्यावर चाला, पळू नका. ओढ्याला पाणी घोट्याच्या वर असलं आणि तळ दिसत नसला तर मागे फिरायचं. घोणस, फुरसं यांचाही हा दिवस, म्हणून गवत उंच असलेल्या वाटेवर पाय टाकायच्या आधी जागा बघा. खरं म्हणजे ट्रेलवर सगळं कौशल्य तेवढंच आहे, पावलं लहान, पाय जरा उचलून, नजर तीन-चार पावलं पुढे. आणि किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. डांबरी रस्त्यावर जे अंतर चाळीस मिनिटांत होतं त्याला तिथे तास सव्वातास लागेल आणि लागू दे.

आता जे सत्तरीतल्या माणसाला माहीत असतं पण पणजीहून येणाऱ्याला नसतं ते लिहितो, माकडताप. २०१५ पासून सत्तरीत याचे रुग्ण सापडलेत. हा गोचिडीतून येतो, आणि साधारण डिसेंबर ते मे हा कोरडा काळ धोक्याचा, म्हणजे नेमका तोच काळ जेव्हा काजूच्या बागा फुललेल्या असतात आणि आपल्याला जंगलात जावंसं वाटतं. पूर्ण बाह्या, लांब पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला गोचीड पळवणारं तेल. सुक्या पाल्यावर बसायचं नाही, आडवं तर अजिबात व्हायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवा. घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात आणि अंगाची नीट तपासणी. पुढच्या आठवडाभरात ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी सत्तरीच्या जंगलात गेलो होतो. घाबरवत नाहीये, मी स्वतः मार्चमध्ये तिकडे जातो, परत येताना कुणाच्यातरी काजूच्या भट्टीकडे थांबून ताजा नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, पितो, तशी चव जगात दुसऱ्या कुठल्या ड्रिंकला नाही. फक्त ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी अर्ध्या ग्लासावर थांबावं.

प्रश्न: मिरामारच्या वाळूत अनवाणी पळणं चांगलं का? (पणजी)

थोडं, चांगलं. रोज, नको. मऊ वाळूत टाच खोल जाते आणि पोटरीवर ताण येतो, आणि पाण्याजवळची वाळू घट्ट असते पण तिरकी असते, त्यामुळे एका दिशेने पळताना एक पाय सतत खाली पडतो. म्हणून जितकं जाल तितकंच त्याच रेषेत परत या. ओहोटीची वेळ बघून निघा, तेव्हा पट्टा रुंद आणि बराच सपाट मिळतो. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी साडेसहाला असली तर चार दिवसांनी पावणेदहाच्या पुढे जाईल, तेव्हा ऊन. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वात जास्त मागे जातं. पहिले दोन आठवडे दहा-दहा मिनिटंच, बाकी कांपालच्या फुटपाथवर बुटात. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर अनवाणी अजिबात नाही, बाटलीची काच लागली तरी कळणार नाही.

मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून पुढे कासवं अंडी घालायला येतात, तिथे काळोखात टॉर्च मारत पळू नका आणि कुंपण घातलेल्या जागेपासून लांब राहा. एवढी एक विनंती.

प्रश्न: वय ६७, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. दोन वर्षं पळतोय, आठवड्याला २० किलोमीटर होतात. डिसेंबरमध्ये हाफ मॅरेथॉन करायची इच्छा आहे. जमेल का? (वास्को)

सर, तुमच्याच दारात गोवा रिव्हर मॅरेथॉन होते, चिखलीला, झुआरीच्या बाजूने, त्यामुळे इच्छा होणारच. जमेल असं मला वाटतं, पण आधी तुमच्या डॉक्टरकडे जाऊन स्पष्ट सांगा की मला २१ किलोमीटर पळायचंय, टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, करू का. आणि गोळी कुठली आहे ते विचारा, त्यावर बरंच अवलंबून आहे. बीटा ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके गोळीच दाबून ठेवते, मग घड्याळावरचा हार्ट रेट बघून वेग ठरवणं चुकीचं. तसंही जास्तीत जास्त ठोक्यांचा २२० वजा वय हा हिशोब तुम्हाला १५३ सांगेल आणि २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा करायचा दुसरा हिशोब १६१, आणि गोळी असेल तर दोन्ही बाजूला ठेवून बोलता येतंय का हेच बघायचं. लघवीची गोळी असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही शरीरातून जास्त जातं, आपल्या दमट हवेत तर अजून. स्वतःहून गोळी बंद करू नका, रेसच्या दिवशी सुद्धा नाही.

तयारीला पाच महिने ठेवा. आठवड्यातून एकच लांब पळणं, ते हळूहळू १६ ते १८ पर्यंत न्यायचं, दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं. चालण्याचे ब्रेक पहिल्यापासूनच ठेवा, चार मिनिटं पळणं एक मिनिट चालणं. यात कमीपणा काही नाही, ही पद्धत जगभर नेणारा जेफ गॅलोवे स्वतः १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये पळालेला माणूस. फॉर्म भरताना कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायची मुदत, किती तासांचा आहे तेवढं वाचून घ्या.

पाण्याबद्दल माझी चूक सांगतो. वयाच्या ५८ व्या वर्षी बाहेरगावी एका हाफला गेलो, उकाड्याची भीती मनात, म्हणून प्रत्येक स्टॉलवर थांबून साधं पाणी ढोसत गेलो. सतराव्या किलोमीटरला बोटं सुजली, अंगठी फिरेना, डोकं गरगरायला लागलं, आणि तिथला स्वयंसेवक बिचारा अजून पाणी प्या म्हणत होता. जास्त पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होतं हे नंतर डॉक्टरांनी समजावलं, आणि हळू पळणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण आपल्याकडे प्यायला वेळ जास्त असतो. तहान लागली की प्या, लांब पळताना ओआरएस ठेवा. पळायच्या आधी दुखण्याची गोळी घेऊ नका, ती किडनीवर पडते आणि बीपीवाल्याने तर अजिबात नाही.

आणि छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, एकाएकी घाम, अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच बसायचं आणि १०८. फिनिश लाइन दिसत असली तरी बसायचं.

प्रश्न: सकाळी पळण्याआधी काय खावं? (डिचोली)

तासाभराच्या आत परत येणार असाल तर अर्धं केळं आणि चहा पुरे. त्याहून लांब असेल तर मी आदल्या रात्री नीट जेवतो आणि सकाळी अर्धा उंडो (गोव्याचा गोल पाव) जाम लावून. परत आल्यावर मात्र पेज, मीठ घालून, बरोबर कैरीचं लोणचं किंवा खाऱ्यातली कैरी. पाणी, मीठ, तांदूळ सगळं एकाच वाटीत येतं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेचं पाकीट ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

प्रश्न: वय ७१. साठीत १० किलोमीटर ५८ मिनिटांत व्हायचे, आता ७६ लागतात. ग्रुप पुढे निघून जातो, मी एकटाच मागे. कशाला पळायचं असं होतं कधीकधी. (मडगाव)

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शरीराची ऑक्सिजन वापरायची ताकद वयानुसार दर दहा वर्षांनी दहा टक्क्यांच्या आसपास उतरते, पळणाऱ्यांची जरा सावकाश, सत्तरीनंतर जरा भराभर. त्यामुळे तुमची ७६ मिनिटं मला तरी बिघाड वाटत नाही. मास्टर्स अॅथलेटिक्समध्ये, म्हणजे वयस्क खेळाडूंच्या स्पर्धांत, याचसाठी एज ग्रेडिंगचे तक्ते असतात, त्या वयाच्या सर्वात चांगल्या वेळेच्या किती टक्के तुम्ही पळालात ते निघतं. नेटवर कॅल्क्युलेटर आहे, नातवाकडून दोन्ही वेळा घालून बघा, तो टक्का मिनिटांइतका पडलेला नसेल.

कॅनडातला एड व्हिटलॉक ७३ व्या वर्षी, २००४ साली, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत पळाला. तो आपल्यासारखा नव्हेच, पण त्याची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. तो रोज घराजवळच्या दफनभूमीत गोल गोल फेऱ्या मारायचा, हळू, कधी तीन-तीन तास. डोंगर नाही, ट्रॅक नाही, कोच नाही. ८५ व्या वर्षी त्याला मॅरेथॉनला ३ तास ५६ मिनिटं लागली, म्हणजे त्याचाही तास वाढला, आणि तरी तो पळतच होता.

ग्रुपबद्दल एक करा. त्यांना सांगा मी पंधरा मिनिटं आधी निघतो, तुम्ही मागून या. ते तुम्हाला गाठतील तेव्हा दोन किलोमीटर सोबत होईल, शेवटी चहाला सगळे एकत्र. आमच्याकडे आम्ही असंच करतो. दोन दिवस सलग पळू नका, आता तुम्हाला सावरायला ४८ तास लागत असतील. मधल्या दिवशी कोलव्याहून बाणावलीकडे किनाऱ्याने चाला.

आणि एखाद्या रविवारी जुन्या गोव्याला या. आम्ही पाच-सहा जण असतो, सगळे साठीच्या पुढचे, सकाळी फेरीबोटीने दिवाडीला जातो. तिकडे उतरल्यावर दोन्हीकडे शेतं आणि खारफुटी, सपाट रस्ता, मग पिएदादच्या चर्चचा चढ, तो आम्ही चालतच चढतो. कधी पुढे बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला सप्तकोटेश्वराला जातो. तो देव मूळचा दिवाडीचाच, पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळाच्या पायरीवर बसून पाणी पितो आणि त्याच रस्त्याने परत येतो. आमच्यात सर्वात हळू जो असेल तो मागून येईपर्यंत बाकीचे धक्क्यावर थांबतात, तेवढ्यात एक फेरी सुटली तर सुटू दे, पुढची येते.